पंधरा जायला, सतरा मिरवायला

रविवार, १ जून. सकाळी ७.

या वहीत फक्त गाडीची नोंद राहील. ॲव्हरेज, टायरमधली हवा, सर्व्हिसिंग. घरातली कुरबूर, मिलमधलं राजकारण आणि भाऊबंद यांना इथे प्रवेश नाही. सव्वीस वर्षं फोल्डिंग खात्यात कापडाचे मीटर मोजतोय. मोजल्याशिवाय काही खरं मानत नाही.

गाडी: हायब्रीड. सेकंडहँड, पण पहिल्या मालकाने पोटच्या पोरासारखी जपलेली. बॅटरी आणि पेट्रोल, कधी काय वापरायचं ते स्वतः ठरवते. शोभाला सांगितलं, स्वतःची अक्कल असलेली ही आपल्या घरातली पहिली वस्तू. ती साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, वस्तूंमध्ये पहिली, बरोबर.

बायकोला गाडी आवडली आहे.

स्क्रीनवर ॲव्हरेज: २६.२.

संध्याकाळी ६.

एक त्रुटी. बॅटरीवर चालताना गाडी आवाजच करत नाही. इथे सुरतेत, आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत कुणाचीही गाडी आली की गॅलरीतून चार डोकी बाहेर येतात. माझी येते आणि कुणाला पत्ता नाही. आज पार्किंगमध्ये तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला वॉचमनने विचारलं, साहेब, काही हरवलंय का.

कानाला कळत नाही ते डोळ्याला दिसलं पाहिजे. यावर विचार करणे.

बुधवार, ४ जून.

थोरला भाऊ, दगा त्याचं नाव, येऊन गेला. (भाऊबंदांना प्रवेश नाही असं लिहिलं होतं, पण विषय गाडीचा आहे.) भाऊ उधन्याला एका खोलीत राहतो. पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, त्यामुळे अजूनही समोरच्याशी ओरडून बोलतो. आता एक वाक्य ओरडलं की दोन मिनिटं खोकतो. डॉक्टर म्हणाले, छातीत सुताची धूळ बसली आहे.

बातमी: यंदा आमच्या भाऊबंदकीची कानबाई, आमच्या खान्देशाची श्रावणातली कुळदेवी, गावी बसणार. चार वर्षं कधी कुणाचं सुतक, कधी कुणाचा रुसवा. यंदा सगळे एकत्र. आमचं गाव दोंडाईचापासून नऊ किलोमीटर. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा, दळायचा, त्याचे रोट करायचे, ते फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. परक्याला कणही नाही. पौर्णिमेच्या आत संपले पाहिजेत. मुठी काढायचा मान सगळ्यात थोरल्याचा. यंदा थोरला म्हणजे भाऊ.

भाऊ म्हणाला, सुक्या, रेल्वेची गर्दी आता छातीला झेपत नाही. एवढी एक खेप मला घेऊन चल. पुढच्या वर्षाचं मी धरत नाही.

मी म्हणालो, भाऊ, मागची पूर्ण सीट तुझी. उशी लावून झोपून चल. गाव आलं की उठवतो.

भाऊने माझ्या गुडघ्यावर दोनदा थापटलं. त्याने जोडपाळ्या करून मला डिप्लोमा शिकवला, हे सगळी भाऊबंदकी मला वर्षातून चारदा ऐकवते. भाऊ स्वतः कधीच ऐकवत नाही. न ऐकवूनच जास्त ऐकवतो.

वहीत लिहिलं म्हणजे पक्कं: शनिवार, २ ऑगस्ट, पहाटे पाच.

शुक्रवार, ६ जून.

रात्रभर एकच चित्र डोळ्यांसमोर. गावातली गल्ली. चुलतभाऊ कुंदन त्याचा दुधाचा टेम्पो, छोटा हत्ती, घेऊन येतो तर त्याच्या हॉर्नने म्हशीसुद्धा वळून बघतात. मी येणार बॅटरीवर, चोरासारखा. गावात मी अजून दगाचा लहान भाऊ. एकोणपन्नास वर्षांचा लहान भाऊ.

उपाय सापडला. अलॉय व्हील. सतरा इंच.

शनिवार, ७ जून.

उधन्याच्या महेशभाईंकडे चाकं बसवली. कंपनीची पंधरा इंची लोखंडी काढली, सतरा इंची चढवली. काळी, कडेला चकाकी, त्यावर जाडजूड टायर. महेशभाई म्हणाले, सुकदेवभाई, हायब्रीडवर आटलुं मोटुं टायर कोई नथी नाखतुं. म्हणजे सुरतेत हे करणारा पहिला मीच.

अलॉयचे नट वेगळे आणि लोखंडी चाकांचे वेगळे, हे त्यांनी तीन वेळा बजावलं. मी डिप्लोमावाला आहे, हे त्यांना माहीत नसावं.

किंमत इथे लिहीत नाही. वहीला कशाला ताप.

पार्किंगमध्ये दोन डोकी बाहेर आली. एक माझीच पुतणी सोनाली होती, शोभाकडे आली होती. ती म्हणाली, काका, मस्त, पण गाडी बूट घातल्यासारखी दिसते. नव्या पिढीची दाद अशीच असते.

सोमवार, १६ जून.

स्क्रीनवर ॲव्हरेज: २१.४.

पेट्रोलमध्ये भेसळ. या देशात प्रामाणिक माणसाने काय भरावं.

गुरुवार, १९ जून.

दुसऱ्या पंपावरून भरलं. २१.१. भेसळ सर्वदूर आहे.

शिवाय मागे दोन माणसं बसली की टायर कमानीला घासतं. आज भाऊ आणि कलावहिनी यांना दवाखान्यात सोडलं. प्रत्येक खड्ड्याला खर्र. भाऊ म्हणाला, लूमचा पट्टा असाच वाजतो, तुटायच्या आधी. मी म्हणालो, नवं टायर आहे, अंग चोळून घेतंय. वहिनी म्हणाली, भाऊजी, आम्ही उतरून चालू का, तुमचं टायर तरी मोकळं होईल. वहिनीचा स्वभाव पहिल्यापासून समंजस.

रविवार, २२ जून.

ठराव. कामाला पंधरा, समारंभाला सतरा. बड्या लोकांकडेही रोजचे आणि लग्नाचे बूट वेगळे असतात. महेशभाईंनी चाकं बदलली. म्हणाले, गाडी छे के चंपल, रोज बदलो छो. हसलो नाही. धंद्यात फार सलगी बरी नव्हे.

सतरा इंची संच घरात ठेवला. जागा: शोभाच्या टिकल्यांच्या पाटाशेजारी, चारही एकावर एक. शोभा म्हणाली, वर काच टाका, टीपॉय होईल. विचार करण्यासारखं आहे.

शनिवार, २८ जून.

पंधरावर ॲव्हरेज २५.८. बरं, पण भाऊबंदांना सांगण्यासारखं नाही. साडू मागे एकदा त्याच्या डिझेल गाडीचा आकडा सव्वीस सांगून गेला आहे.

स्वतः अभ्यास केला. टायर जितकं हलकं आणि बारीक, तितकं इंजिनवर ओझं कमी. पंधराच्या रिमवर बुटकी, बारीक टायरं टाकली. महेशभाई म्हणाले, मीटर खोटुं बतावशे. गुजराती माणसाला विज्ञान सांगण्यात अर्थ नाही.

सोमवार, ७ जुलै.

२८.९.

पुन्हा लिहितो. २८.९. मिलमध्ये सगळ्यांना स्क्रीनचा फोटो पाठवला. मालकाच्या पोराने अंगठा पाठवला. शिक्षण आणि निरीक्षण यांचा हा विजय आहे.

बुधवार, ९ जुलै.

काही निरीक्षणं.

१. घर ते मिल पूर्वी अकरा किलोमीटर होतं, आता बारा भरतं. मेट्रोच्या कामामुळे वळसा वाढला असणार. पालिकेने लोकांचं आयुष्य लांबवलं नाही, रस्ते लांबवले.

२. कडोदऱ्याच्या रस्त्यावर मी ऐंशीवर होतो, तरी भाजीचा टेम्पो मागे टाकून गेला. लोक हल्ली बेफाम चालवतात.

३. प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट टेकतं. सरकारने गतिरोधक उंच केले आहेत. कुणालाच विश्वासात न घेता.

रविवार, १३ जुलै.

शोभाला कामरेजपर्यंत फिरवून आणलं. मुद्दा हा की २८.९ तिच्या डोळ्यांनी बघावा. तिने स्क्रीन सोडून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले. म्हणाली, दगड दहा झाले, तुमचा आकडा अकरा दाखवतो. चाक बुटकं झालं म्हणून जास्त फिरतं आणि मीटर जास्त मोजतं. हे मलासुद्धा कळतं, मी तर सातवी शिकले.

मग म्हणाली, किसनने हेच केलं होतं ना?

किसन आमच्याकडे फोल्डिंगला होता. मोजणीच्या चाकावरचं रबर तासून बारीक करायचा. ताक्यात नव्वद मीटर, आकडा शंभर. मी पकडलं, मी काढलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात सरळ काम ते. त्या वर्षी मला शाल मिळाली होती.

मी म्हणालो, ते कापड होतं. गिऱ्हाइकाला फसवलं होतं. इथे कुणाला फसवतोय?

शोभा म्हणाली, तेच विचारतेय.

परतीच्या वाटेवर बोलणं झालं नाही. ॲव्हरेज २९.१. शांततेत गाडी चांगली चालते.

रविवार, २० जुलै.

गावच्या प्रवासाचा आराखडा. दोनशे किलोमीटर. बुटक्या पंधरावर गेलो तर विक्रमी ॲव्हरेज, पण गल्लीत शिरताना सायकलची चाकं लावल्यासारखी दिसेल. सतरावर गेलो तर रुबाब, पण आकडा साडूच्या खाली.

उत्तर सोपं होतं, आजवर कुणाला सुचलं नाही. जायचं पंधरावर. सतरा सोबत न्यायची. दोंडाईचाला थांबून बदलायची आणि गावात शिरायचं सतरावर.

पंधरा जायला, सतरा मिरवायला.

रविवार, २७ जुलै.

आज चाकं भरून पाहिली. हायब्रीडची डिकी अर्धी बॅटरीनेच खाल्लेली. उरलेल्या जागेत पिशवी मावते, चाक नाही. मग चारही मागच्या सीटवर. दोन उभी, दोन त्यांच्या पुढ्यात आडवी. वरून चादर, नायलॉनची दोरी, ताके बांधतो तशा पक्क्या गाठी. पुढच्या सीटवर जॅक, पाना, हवेचा पंप, लाकडाचे ठोकळे, पाण्याचा कॅन. बसवल्यावर मागे उभं राहून पाहिलं. एवढी सुबक बांधणी फोल्डिंगवालाच करू जाणे.

मग लक्षात आलं की भाऊ उरला.

सगळं काढून तीन प्रकारे पुन्हा लावून पाहिलं. भाऊ पुढे, जॅक पायाशी: जॅक मावतो, पाय नाहीत. वहिनी मागे, मांडीवर चाक: एका चाकाचं वजन वीस किलो. शोभाला फक्त विचारलं. तिने चिकटवायचा डिंक खाली ठेवला आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी प्रश्न मागे घेतला.

मंगळवार, २९ जुलै. नागपंचमी.

भाऊ गाडी बघायला आला. त्याच्या खोलीपासून दोन रिक्षा बदलून. मी तिढा समजावला. कागदावर आकृती काढली. म्हणालो, भाऊ, प्रश्न फक्त जागेचा आहे, भावनेचा नाही.

भाऊने काचेतून आत पाहिलं. चाकांना चादर पांघरलेली, उशी लावलेली. (उशी रिम घासू नये म्हणून.) बराच वेळ पाहिलं. मग खोकला, मग म्हणाला, सुक्या, तुना चाकस्ले बसाड. मी रेल्वेमा जास.

इतक्या सहज मानला. थोरल्यांचं मन मोठंच असतं.

शोभा म्हणाली, मीपण भाऊजींसोबत जाते, त्यांची छाती सांभाळायला कुणीतरी हवं. म्हणजे तिघांचं तिकीट. मी म्हणालो, मग गाडीत तर मी एकटा. ती म्हणाली, एकटे कसे, पाच जण आहात.

तसं पाहिलं तर भाऊला रेल्वेची सवय आहे. पस्तीस वर्षं त्याच लाइनने गेला. एकदम सवय तोडणंही छातीला बरं नसतं.

शनिवार, २ ऑगस्ट. पहाटे ५.

निघालो. शब्दाप्रमाणे. पहाटे पाच म्हणजे पाच.

सकाळी ९.३०. सोनगढच्या पुढे.

२९.४. आजवरचा उच्चांक. आकड्यासाठी पस्तीसच्या वर नेत नाही. सांगायला शेजारी कुणी नाही. मागे वळून चादरीला सांगणार होतो.

दुपारी १. दोंडाईचाच्या अलीकडे, पेट्रोल पंपाशेजारी.

नट.

अलॉयचे नट घरी राहिले. पितळी डब्यात, टीपॉयवर. म्हणजे जिथे टीपॉय होणार होता तिथे. ही जबाबदारी शोभाला दिली होती का, आठवत नाही. दिली असावी.

संध्याकाळी ५.३०.

दोंडाईचात चार दुकानं पालथी घातली. एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे तसले आठ-दहा नट निघाले. आठ-दहात दोनच चाकं बसतात. त्याने विचारलं, पुढे लावू का मागे. मी विचार करून म्हणालो, पुढे. गल्लीत शिरताना आधी पुढचंच दिसतं.

चढवल्यावर लांबून पाहिलं. पुढे सतरा, मागे बुटकी पंधरा. नाक आभाळाकडे, ढुंगण जमिनीला. स्क्रीनवर तीन पिवळे दिवे लागले, त्यातला एक मी याआधी पुस्तकातही पाहिला नव्हता. मिस्त्री म्हणाला, भाऊ, हे असं लांब नका नेऊ. मी म्हणालो, नऊच किलोमीटर. तो म्हणाला, मग हळू जा, लोकांना नीट बघता येईल.

उरलेली दोन अलॉय आणि काढलेली दोन लोखंडी पुन्हा मागच्या सीटवर. हिशेब चारचाच राहिला.

संध्याकाळी ७.४५. गाव.

मुठी निघून गेल्या.

भाऊ, वहिनी, शोभा दुपारीच पोचली. उधन्याला रेल्वेत पाय ठेवायला जागा नव्हती, पण लूमवरचे दोन जुने जोडीदार भेटले, त्यांनी भाऊला खिडकी दिली आणि नंदुरबारपर्यंत स्वतः उभे राहिले. हे मला चौघांनी वेगवेगळं सांगितलं. प्रत्येकाने माझ्या तोंडाकडे बघत.

गल्लीच्या तोंडावरच मांडव. गाडी आत जात नाही. उकिरड्याशेजारी लावली. बॅटरीवर होती, कुणी वळलं नाही. हॉर्न वाजवला तेव्हा कुंदन आला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, भो, तुझी गाडी कुत्र्यासारखी का बसली आहे?

पोरं हसली. मी म्हणालो, नवीन पद्धत आहे, पुढून हवा कापते. कुंदन म्हणाला, मग मागून काय करते?

भाऊ ओट्यावर बसला होता. मला पाहून म्हणाला, तुनी मूठ मी काढी लिधी. तेवढंच. उशीर का झाला, विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

रविवार, ३ ऑगस्ट.

कानबाई बसली. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. एकोणीस पुरुष एका पंगतीला. भाऊ सगळ्यांच्या वरच्या टोकाला. त्याच्या अंगात वहिनीने इस्त्री करून आणलेला पांढरा सदरा. गेली चार वर्षं मी त्याला इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या पानात त्याने स्वतः तूप वाढलं.

ॲव्हरेजचा विषय मी दोनदा काढला. साडू आला नाही. तो भाऊबंद नाही, येणार कसा. हे आराखडा करताना लक्षात आलं नव्हतं.

उरलेले रोट ज्याचे त्याला बांधून दिले. पौर्णिमा शनिवारी आहे.

सोमवार, ४ ऑगस्ट. दुपारी.

जे घडलं ते जसंच्या तसं, वेळेसकट लिहितो, म्हणजे नंतर कुणी वाटेल ते बोलायला नको.

सकाळी साडेनऊला कानबाई विसर्जनाला नदीकडे निघाली. बँड, गुलाल, धुरळा. मी म्हणालो होतो, भाऊ, तू घरी बस. भाऊ म्हणाला, मुठी मी काढल्या, पोचवायलापण मीच जाणार. पाऊण वाटेवर त्याचा श्वास अडकला. रस्त्याकडेच्या दगडावर बसला. ओठ निळे. वहिनी पदराने वारा घालत होती आणि दुसऱ्या हाताने त्याचा सदरा गच्च धरून होती, जणू सोडला तर तो उठून जाईल.

कुंदन ओरडला, सुकदेव, गाडी आण.

मी धावलो. खरंच धावलो. चार मिनिटांत गाडी आणून उभी केली. दार उघडलं. मागे चार चाकं.

गाठी पक्क्या होत्या. ताक्याच्या गाठी असतात, ओढल्या की आवळतात. कात्री कुणाकडे नव्हती. कुंदनने दातांनी दोरी तोडली. एक लोखंडी काढलं, दुसरं काढलं. तिसरं अलॉय होतं, ते हातातून सुटलं आणि उताराला लागलं.

उतार नदीकडे होता. नवं चाक. मी त्याच्या मागे गेलो. माणूस पडताना हात आपोआप पुढे जातो, तसं. दोन मिनिटं. फार तर तीन. ते बाभळीला अडकलं, रिमला कडेला ओरखडा आला. उचलून वर आणलं, तेव्हा दगडावर कुणी नव्हतं.

कुंदनने मिरवणुकीमागे अडकलेल्या त्याच्या छोट्या हत्तीतले दुधाचे कॅन रस्त्यावर उतरवले आणि भाऊला त्यात गोणपाटावर आडवं केलं. हौद्यात भाऊ, वहिनी, शोभा. धुरळाच दिसला. आणि रस्त्यावर ओळीने दुधाचे कॅन, माझी चाकं, आणि उघड्या दारांची गाडी, नाक वर करून.

बँड थांबला होता. एकोणीसमधले पंधरा तरी तिथे उभे होते. एकाने माझ्या हातातलं चाक घेतलं आणि बाकीच्यांशेजारी नीट ठेवलं.

संध्याकाळी ६. दोंडाईचा, दवाखाना.

भाऊ वाचला. ऑक्सिजन लावला आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर सांगता आलं नसतं. पण गेली नाहीत, हा मुद्दा आहे. माझ्या दोन मिनिटांचा तसा काही परिणाम झाला नाही. हे शोभाला समजावणार होतो. ती बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो, ती उठून वहिनीकडे गेली.

वहिनी थोड्या वेळाने बाहेर आली. विचारलं, भाऊजी, चाक सापडलं का?

म्हणालो, हो.

म्हणाली, बरं झालं.

एवढ्या ताणातही तिला माझ्या चाकाची आठवण राहिली. (हे वाक्य लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. खोडावं की ठेवावं कळेना. ठेवतो.)

बुधवार, ६ ऑगस्ट. सुरत.

एकटाच परत आलो. चारी चाकं पंधरा. सतरा मागे. भाऊला उद्या सोडणार. म्हणालो होतो, थांबतो, गाडीतून आणतो, आता सीट रिकामी करतो. भाऊने डोळे मिटूनच हात हलवला. नको असा. कुंदन सोडणार आहे म्हणे, उधन्यापर्यंत, छोट्या हत्तीत पुढे बसवून. शोभा त्यांच्यासोबत येणार.

ॲव्हरेज पाहिला नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. संध्याकाळ.

शोभा काल आली. बोलते. मीठ द्या, दार लावा, इतपत.

माझ्या वाटणीचे दोन रोट डब्यात तसेच होते. उद्या पौर्णिमा. ते भाऊबंदासोबत बसून खायचे असतात, आणि सुरतेत माझा एकच भाऊबंद आहे. डबा घेतला आणि उधन्याला गेलो. गाडी गल्लीच्या बाहेर लावून चालत गेलो.

वहिनीने दार अर्धं उघडलं. म्हणालो, भाऊसोबत रोट खायला आलो. म्हणाली, झोपलेत ते. डॉक्टरांनी उठवू नका सांगितलंय.

आतून खोकला आला. मग कुणीतरी तो तोंडावर काही धरून दाबावा तसा दबला.

वहिनी दारातच उभी राहिली. मीही. मी म्हणालो, थोडा वेळ थांबतो, जागा झाला की. ती म्हणाली, भाऊजी, त्यांना झोप लागायला वेळ लागतो. मी म्हणालो, बरोबर, झोप महत्त्वाची. तिने दार ओढून घेतलं, हळूच, माझ्या नाकावर आपटणार नाही इतपत सांभाळून.

पायरीवर वीस मिनिटं बसलो. गल्लीतल्या लूम चालू होत्या. आत खोकला पुन्हा सुरू झाला. आता दाबत नव्हता. मी गेलो असं त्यांना वाटलं असणार.

गाडीत येऊन बसलो. परक्याला देता येत नाहीत, टाकता येत नाहीत, ठेवता येत नाहीत. दोन्ही खाल्ले. कोरडे होते, तूप आणलं नव्हतं.